मुक्या बाटल्या

बाटलीकाकूंना कुणी ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की त्या सरळ सांगायच्या, ‘भांडी घासते.’ समोरचा माणूस मग एकदम मवाळ व्हायचा, ‘असं होय’ म्हणायचा आणि विषय बदलायचा. काकूंना त्यात भारी गंमत वाटायची. त्यांच्या भांड्यांतलं एक जरी नीट निघालं नाही तर वरच्या मजल्यावर कुणाची तरी तीन-चार वर्षं पाण्यात जायची. पण हे रस्त्यात उभं राहून कुणाला सांगत बसायचं?

रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करणारी ती संस्था. जिन्याखालून डावीकडे वळलं की धुलाईची खोली. दोन खोल सिंक, भिंतीला लाकडी खुंट्यांचा फळा, त्यावर उलट्या टांगलेल्या काचेच्या बाटल्या, कोपऱ्यात वाफेचा मोठा कुकर आणि शेजारी कोरडी भट्टी. वर तीन मजले भरून शास्त्रज्ञ. वरचा मजला खालच्या मजल्यावर उभा असतो, ही साधी गोष्ट वर राहणारे फार लवकर विसरतात, आणि शिकलेले लोक तर सगळ्यात आधी विसरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकू इथं आल्या त्या नणंदेच्या जागी. नणंद बाळंतपणाला गेली, तीन महिन्यांपुरतं कुणीतरी हवं होतं, म्हणून दहावी झालेली ही सत्तावीस वर्षांची वहिनी बदली म्हणून उभी राहिली. नणंदेला पहिलं झालं, मग दुसरं झालं, आणि तोवर वहिनीनं तिथं असा काही जम बसवला की नणंद परत यायचं नावच काढेना. एकतीस वर्षं झाली. अजूनही घरात चार माणसं जमली की नणंद म्हणते, ‘माझी नोकरी खाऊन बसलीय ही.’ आणि काकू म्हणतात, ‘खाल्ली, आणि पचवलीसुद्धा.’

पहिल्याच महिन्यात काकूंचं थोरल्या सरांशी वाजलं होतं. थोरले सर म्हणजे तेव्हाचे प्रमुख. आताचे ते धाकटे सर. दोघांचं नातं काही नाही, एकापाठोपाठ एक आले एवढंच. थोरल्या सरांचा नियम असा, की प्रत्येक बाटली साबणानंतर सात पाण्यांनी धुवायची. काकूंना ते काही पटेना. एक दिवस कंबरेला पदर खोचून त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ‘सर, इतकी स्वच्छ भांडी मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिली नाहीत. आता यात आणखी काय काढायचं राहिलंय?’

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. थोरले सर काकूंना जिन्यानं वर घेऊन गेले आणि एक प्लास्टिकची ताटली दाखवली. तिच्यात इवल्या इवल्या खळग्यांच्या रांगा, एकूण शहाण्णव. काही खळग्यांतलं पाणी स्वच्छ, काहींतलं पिवळंधमक.

‘आपल्या अंगात पहारेकरी पेशी असतात,’ सर म्हणाले. ‘जन्मापासून असतात, त्यांना कुणी काही शिकवावं लागत नाही. आता जंतू हजारो जातींचे. एकेकाचं तोंड लक्षात ठेवायचं म्हटलं तर त्यांचं आयुष्य जाईल. म्हणून त्या तोंड बघतच नाहीत. जंतूंच्या एका मोठ्या जमातीच्या अंगावर एक विशिष्ट आवरण असतं. आपलं शरीर तसलं काही कधीच बनवत नाही, आणि जंतूला ते टाकून देता येत नाही, टाकलं तर तोच मरेल. पेशी तेवढं बरोबर ओळखतात. ते दिसलं की आरडाओरडा करतात, चार पेशींना जागं करतात. त्या ओरडल्या की आम्ही हा खळगा पिवळा करून घेतो, म्हणजे आम्हाला दिसतं. दुसऱ्या जमातींच्या खुणा वेगळ्या, त्या ओळखायची सोय वेगळी. पण रीत हीच.’

‘म्हणजे नाव-गाव विचारत नाहीत, कोट बघून ओळखतात,’ काकू म्हणाल्या.

‘बरोबर. आणि गंमत अशी की कोटाच्या आत माणूस लागतच नाही. मेलेल्या जंतूच्या आवरणाचा तुकडा पुरतो. मिठाचा एक कण घ्या, त्याचे लाखभर तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याएवढा.’

‘मग उकळून काढते की मी बाटल्या.’

‘उकळलं की जंतू मरतो. कुकरच्या वाफेतही मरतो. आवरण काचेला तसंच चिकटून राहतं.’

काकूंनी त्या पिवळ्या खळग्यांकडं बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला, तो प्रश्न थोरले सर पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. ‘मग एवढ्या शिकलेल्या लोकांनी सात पाण्यांवर का थांबावं? ते जळतं कशानं ते सांगा.’

ते जळतं कोरड्या भट्टीत. अडीचशे अंशांना, अर्धा तास, पुरतं.

त्या दिवसापासून काकूंच्या खोलीत बाटल्यांच्या तीन जाती झाल्या. पाणी काचेवरून थेंब थेंब न होता सलग उतरलं की बाटली ‘स्वच्छ’. कुकरमधून निघाली की ‘निर्जंतुक’. आणि भट्टीतून खरोखर अडीचशे अंश सोसून निघाली की ती ‘मुकी’. मुकी म्हणजे जी पेशींशी एक अक्षर बोलत नाही. हा शब्द काकूंचा. पुढं सगळी संस्था तो वापरायला लागली. मोठमोठ्या पदव्यांचे लोक जिन्यावरून हाका मारायचे, ‘काकू, चार मुक्या द्या हो.’

मुकी झाली की नाही हे कळणार कसं? त्याचीही काकूंची एक रीत. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर फॉइलची टोपी घालताना त्या आत वहीच्या कागदाची बोटभर चिठ्ठी सरकवायच्या. चिठ्ठीवर पेन्सिलीनं तारीख. भट्टीतून निघाल्यावर ती चिठ्ठी खरपूस तपकिरी झालेली असली, बोटांत धरली की चुरा होईल अशी, तर बाटली पास. जरा जरी फिकट दिसली तर पुन्हा भट्टीत. असल्या करपलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या अकरा वह्या त्यांच्या कपाटात होत्या. कुणी हसलं तर हसू दे, त्यांचं काही जात नव्हतं.

आता घाईबाईबद्दल सांगितलं पाहिजे. ही वरच्या मजल्यावरची पीएचडी करणारी मुलगी. जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या तिनं कधी मोजल्याच नाहीत, सरळ उडी. काकूंनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं करून टाकलं. ती चिडायची नाही, उलट बाटल्या मागायची चिठ्ठी पाठवली की खाली सही म्हणून ‘घाई’ लिहायची. दुपारी तिचा डबा काकूंच्या खोलीतच उघडायचा. काकूंची स्वतःची लेक लग्न होऊन लांब गेली होती, आणि लेकीशी जे बोलायचं राहून गेलं होतं ते बरंचसं या पोरीच्या वाट्याला आलं.

घाईबाईचा प्रश्न मोठा होता. तिचं म्हणणं असं, की जंतू नसतानाही, नुसत्या जखमेनं, आपल्याच पेशींतून एक प्रथिन बाहेर पडतं, आणि पहारेकरी त्यालाही ओळखून ओरडतात. सिद्ध झालं असतं तर नाव झालं असतं. पण अडीच वर्षं तिच्या ताटलीतल्या पेशी ढिम्म. एक खळगा पिवळा होईना. पोरगी वाळून काडी झाली. धाकटे सर सभ्य माणूस, पण तेही आता तिच्याकडं बघताना घड्याळाकडं बघायला लागले होते. आणखी सहा महिन्यांत बाहेरची समिती येणार होती. दाखवायला काही असेल तर शिष्यवृत्ती दोन वर्षं वाढणार, नसेल तर गाशा गुंडाळून घरी जायचं. हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग एक दिवस ती जिन्याच्या सहा पायऱ्या एकदम उडी मारून आली. ताटली पिवळी झाली होती. प्रथिन घातलेले सगळे खळगे पिवळे, आणि शेजारचे, नुसत्या खाऱ्या पाण्याचे, स्वच्छ. तिनं काकूंना ओल्या हातांसकट मिठी मारली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिवळी. पुन्हा पुन्हा पिवळी. काकूंना इतका आनंद त्यांच्या नातवाच्या वेळी झाला होता, आणि हे त्यांनी नवऱ्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘हे लेकीला कळवू नकोस.’

ताटली पिवळी व्हायच्या जरा आधीच, समितीच्या धास्तीनं, तिनं प्रयोग वाढवले होते, तशा बाटल्याही वाढल्या होत्या. प्रथिन ठेवायला मोठ्या, खारं पाणी ठेवायला छोट्या. आधी आठवड्याला वीस लागायच्या, आता चाळीस. त्यातच नवी भट्टी आलेली. दिसायला मोठी झोकदार, दारावर आकडे चमकणारी, पण पोटात जागा बेताची. चोवीस बाटल्या सुटसुटीत बसायच्या. भट्टी बसवून दिली तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांनी काकूंना बजावलं होतं, ‘यात कागद घालायचा नाही. आगीचा धोका. आकडा दिसतोय ना समोर? दोनशे पन्नास म्हणजे दोनशे पन्नास.’ काकूंनी मान हलवली. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचं ऐकलं नाही, आणि नेमकं हे ऐकलं.

चाळीस बाटल्यांसाठी भट्टी दोनदा लावायची म्हणजे गार होईपर्यंत अख्खा दिवस जायचा. घाईबाई दारात उभी राहून ‘काकू, आजच हव्यात हो’ म्हणायची. तिला नाही म्हणणं काकूंच्या जिवावर यायचं. मग त्यांनी दोन थर लावायला सुरुवात केली. बाटलीला बाटली खेटून, बोट शिरणार नाही अशा. आणि घाईबाईच्या मोठ्या बाटल्या त्या मुद्दाम अगदी मधोमध ठेवायच्या. कडेच्या बाटल्यांना दार लागतं, टवका उडतो. मधली जागा सगळ्यात सुरक्षित. पोरीच्या बाटल्यांना धक्का लागायला नको.

असे साडेतीन महिने गेले.

समितीला पंधरा दिवस उरले असताना काकू एका दुपारी फॉइलच्या टोप्या घालत होत्या. कानाला फोन, पलीकडून नवरा गिझर दुरुस्तीवाल्याची रामकहाणी ऐकवत होता. तो बोलत होता, या हूं हूं करत होत्या, आणि हात आपल्या जुन्या सवयीनं चालत होते. बाटल्या भाजून गार झाल्यावर त्यांनी मधली एक टोपी उघडली, तर आतून चिठ्ठी पडली. त्यांच्या हातांनी न विचारता घातलेली.

चिठ्ठी सायीच्या रंगाची होती. करपणं दूरच, कडासुद्धा वळल्या नव्हत्या.

काकूंनी भट्टीच्या दाराकडं बघितलं. आकडा दोनशे पन्नासच दाखवत होता.

त्या दिवशी त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. शनिवारी संस्था रिकामी असते. काकू एकट्या आल्या. सुरक्षा अधिकाऱ्यांचा नियम त्यांनी खुंटीला टांगला आणि चाळीसच्या चाळीस बाटल्यांत चिठ्ठ्या घातल्या. प्रत्येक चिठ्ठीवर बाटलीची जागा लिहिली. नेहमीसारखी खेटून भट्टी लावली, नेहमीएवढाच वेळ ठेवली. मग वहीच्या पानावर भट्टीसारखी चौकट आखून जिथली चिठ्ठी तिथं चिकटवली. पान तयार झालं तेव्हा शाळकरी पोरालाही कळलं असतं. कडेला तपकिरी, आत शिरावं तसं फिकट, आणि मधल्या आठ चिठ्ठ्या पांढऱ्या. भट्टीचा तापमापक वर, भिंतीलगत होता. तिथं अडीचशे होतेच, खोटं काही नव्हतं. मधे मात्र गरम हवेला शिरायला वाटच नव्हती.

मधल्या आठ बाटल्या घाईबाईच्या. प्रथिनाच्या. कडेच्या छोट्या, खाऱ्या पाण्याच्या.

काकू स्टुलावर बसल्या. काचेला चिकटलेली मेलेल्या जंतूंची आवरणं त्यांना जशी काही डोळ्यांनी दिसायला लागली. पोरीचं प्रथिन कदाचित अजूनही ढिम्मच असेल. ओरडायला लावत होती ती बाटली. आणि ती बाटली यांनी, स्वतःच्या हातांनी, लाडानं मधोमध ठेवली होती.

रविवारी सकाळी नवरा मटार सोलत बसला होता. हा शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस, बोलायचं खातं घरात त्याच्याकडं. काकूंनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘गप्प बस. तुझी दीड वर्षं राहिलीत. आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही.’

‘तिची तर अजून सुरुवातही नाही झाली.’

‘तेच म्हणतोय मी. तू सांगितलंस तर ती पोरगी संपली. तिला तरी हे हवंय का?’

काकू मटारची एक शेंग हातात घेऊन बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही त्या वर्षी उतारावर बस उभी केली होतीत. चाळीस पोरं आत, परीक्षेचा दिवस.’

‘ब्रेक नीट लागत नव्हता.’

‘कुणाला कळलं होतं?’

‘मला कळलं होतं ना,’ तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. बराच वेळ नुसते दाणे भांड्यात पडत राहिले. शेवटी तो म्हणाला, ‘आधी पोरीला सांग. सरांकडं नंतर जा. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.’

सोमवारी काकू वही घेऊन वर गेल्या. जिन्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. घाईबाईनं पान बघितलं, आधी हसली, मग तिचं हसू विरलं, आणि मग तिला राग आला.

‘काकू, समिती अकरा दिवसांवर आहे.’

‘माहीत आहे मला.’

‘मी नऊ वेळा प्रयोग केलाय. नऊ वेळा. कागदाच्या चिठ्ठ्यांवर मी ते सोडून देऊ?’ तिचा आवाज चढला. ‘तुम्ही बाटल्या धुवा. माझ्या पेशींचं मी बघेन.’

काकूंना ते झोंबलं. का झोंबणार नाही? पण त्यांनी शब्दाला शब्द लावला नाही. वही तिच्या टेबलावर उघडी ठेवली आणि खाली आल्या. त्या दुपारी घाईबाईचा डबा खालच्या खोलीत उघडला नाही.

पण ती पोरगी अस्सल होती, म्हणून तर मी हे सांगतोय. खोटी असती तर वही मिटून ठेवली असती. मंगळवारी सकाळी ती खाली आली, पायऱ्या एक एक उतरून. ‘शनिवारच्या बाटल्या आहेत का तशाच?’ काकूंनी त्या फॉइलसकट कपाटात ठेवल्याच होत्या. तिनं दोन उचलल्या, एक कडेची, एक मधली. दोन्हींत एकच पाणी भरलं, विकत आणलेलं, सीलबंद, खात्रीचं. प्रथिन नाही, काही नाही. ते पाणी पेशींना दिलं.

बुधवारी दुपारी तिनं काकूंना वर बोलावलं. दोघी टेबलाशी उभ्या राहिल्या. तिनं एकेका खळग्यात रंग आणणारा शेवटचा थेंब सोडला. कडेच्या बाटलीतल्या पाण्याची रांग स्वच्छ राहिली. मधल्या बाटलीची रांग पिवळी झाली. नुसतं पाणी, आणि पिवळंधमक.

घाईबाईनं ताटली उजेडाकडं धरून बघितली. मग म्हणाली, ‘साडेतीन महिने मी बाटलीवर संशोधन केलं.’ आणि हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि तोंड फिरवून रडली. काकूंचा हात तिच्या पाठीकडं गेला आणि मधेच थांबला. आपल्याला आता तो हक्क आहे की नाही, हे त्यांना कळेना.

पुढचे आठ दिवस काकूंनी भट्टी रोज लावली. चोवीस बाटल्या, मोकळ्या, प्रत्येकीत चिठ्ठी. घाईबाईनं त्यांत नव्यानं प्रथिन तयार केलं. दोघी कामापुरतं बोलायच्या. ‘झाल्या का?’ ‘झाल्या.’ एवढंच. नव्या प्रथिनाची ताटली समितीच्या आदल्या दिवशी तयार झाली. एकही खळगा पिवळा नाही. शहाण्णवपैकी फक्त ते चार पिवळे, ज्यांत पेशी जिवंत आहेत ना हे बघायला मुद्दाम जंतूचं आवरण टाकलेलं होतं.

धाकट्या सरांनी दोघींना बोलावलं. वही उलटसुलट करून बघितली. ‘हे कुणामुळे झालं?’

‘माझ्यामुळे,’ काकू म्हणाल्या.

सरांनी वही मिटून पेन उघडलं. माणूस वाईट नव्हता. ‘मी अहवालात यंत्रातील दोष असं लिहितो,’ ते म्हणाले. ‘तुमची थोडीच वर्षं राहिलीत.’

‘यंत्रात दोष नाही हो, सर. चोवीसच्या जागी चाळीस कोंबल्या की कुठलंही यंत्र असंच वागेल. तुम्ही तसं लिहाल, मग नवं यंत्र येईल, आणि माझ्यासारखी कुणीतरी त्यातही चाळीस कोंबेल.’

सरांनी पेन खाली ठेवलं. घाईबाई खिडकीबाहेर बघत होती.

समितीत बाहेरून आलेले तीन जण. मधे एक वयस्कर बाई, केस पांढरे, आवाज बारीक, पण खोली गप्प करणारा. घाईबाईनं कसलीही सजावट न करता सांगितलं, की तीन वर्षांत माझ्या हाती एकच निकाल लागला आणि तो चुकीचा होता. का चुकीचा होता, ते दाखवलं. वहीचं पान पडद्यावर मोठं करून लावलं.

‘हे तुम्ही शोधलं?’ बाईंनी विचारलं.

‘नाही. आमच्या काकूंनी. खाली आहेत, बोलावू?’

काकू आल्या त्या एप्रनवरच. हात पुसायलाही कुणी वेळ दिला नाही. त्यांनी चिठ्ठ्यांची रीत सांगितली, दोन थर का लावले ते सांगितलं, मधली जागा का निवडली तेही सांगितलं. तिघंही लिहून घेत होते. मग त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला.

‘कुणालाही कळलं नसतं. कदाचित कित्येक वर्षं. यात तुमचंच नाव खराब होणार होतं. तरी का सांगितलंत?’

काकूंनी घरून काही ठरवून आणलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘बाई, आम्ही सगळे म्हणतोय निकाल चुकला. पण पेशींचं कुठं काय चुकलं? त्यांना कुणी शिकवलेलं नाही, त्यांना समिती नाही, त्यांना पास व्हायचं नाही. बाटलीत जंतूचा कोट होता, आणि त्या साडेतीन महिने रोज सांगत होत्या, कोट आहे, कोट आहे. खरं तेच सांगत होत्या. आम्हाला जे ऐकायचं होतं ते आम्ही ऐकलं. त्यांना खोटं पाडून मी घरी कशी जाऊ?’

घाईबाईनं मान खाली घातली होती.

निकाल तासाभरानं आला. दोन वर्षं नाहीत. एक वर्ष मिळालं, तेही नव्या प्रश्नावर. सर म्हणाले, हेही खूप आहे. खूप होतं की नाही ते त्या पोरीलाच ठाऊक. तीन वर्षांपूर्वी होती तिथंच ती पुन्हा येऊन उभी राहिली होती, आणि मैत्रिणी पुढं निघून गेल्या होत्या.

काकू खाली येऊन सिंकपाशी उभ्या होत्या. नळ चालू, हातात बाटली नाही. घाईबाई आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

‘काकू, मला तुमचा फार राग आला होता.’

‘यायलाच हवा होता.’

‘अजून आहे. थोडा.’

‘असू दे.’ काकूंनी नळ बंद केला. त्यांना खूप बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, तुझ्यावर जीव होता म्हणून घडलं हे म्हणायचं होतं, पण जीव होता हे कारण त्यांना स्वतःलाच पुरेसं वाटत नव्हतं. ‘किती दिवस राहील?’ एवढंच त्यांनी विचारलं.

‘माहीत नाही.’ मुलगी आत आली, बाजूचं स्टूल ओढलं आणि बसली. तिचे डोळे लाल होते. ‘राग जाईपर्यंत मी इथंच बसणार आहे,’ ती म्हणाली. ‘वर कुणाजवळ बसू?’